काका, आलं का?

कॅम्पिंगला पोचल्यावर माणसं आधी टॉयलेट शोधतात. अँटेना मात्र गावातली छपरं बघत फिरायचा. त्याचं खरं नाव घ्यायची मला हौस नाही. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळे त्याला अँटेनाच म्हणत. कॅरॅव्हॅन अजून गाडीला जोडलेली, आणि हा कमरेवर हात ठेवून लोकांच्या घरांवरच्या टीव्ही अँटेना बघत उभा. "गावकऱ्यांची अँटेना आडवी, तर आपली आडवी. त्यांची उभी, तर आपली उभी. तोंडही त्यांचं जिकडे, तिकडेच. डोकं कशाला चालवायचं, मेट?"

टेलिकॉममधला इंजिनियर मी. हा बँकेत. तरी एकदा समुद्राकाठच्या एका गावात मी भारीतला बूस्टर लावला आणि मेलबर्नच्या सवयीने अँटेना आडवीच ठेवली. पडद्यावर नुसते चौकोन. बॅट्समन तुकड्यातुकड्यांनी धावत होता. हा आला, अँटेना उभी केली, चित्र लख्ख. वर म्हणाला, "नो वरीज, होतं असं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेही सोसलं असतं. मी खरा जळायचो ते बाबांवरून. ते पुण्याहून दर डिसेंबरात आमच्याकडे येतात, आणि कॅम्पवर पोचले की थेट त्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसत. हा बाहेर अँटेनाचा खांब फिरवत ओरडायचा, "काका, आलं का?" आतून बाबा, "थांब! गेलं! जरा मागे... आलं, आलं! हात काढू नकोस!" माझ्या लहानपणी आमच्या घरी हेच चालायचं. गच्चीवर बाबा आणि टीव्हीपुढे मी. चित्र स्थिरावलं की हा म्हणायचा, "वा काका, तुमच्याशिवाय जमत नाही बुवा!" बाबा लाजून हसायचे. लबाड होता तो. छपरं बघून आल्यावर त्याला कुणाचीच गरज नसायची.

या वर्षी तो नोकरीसाठी पर्थला गेला. निरोपाच्या पार्टीत सगळ्यात जास्त मीच जेवलो.

डिसेंबरात बाबांना घेऊन समुद्राकाठच्या त्याच गावी गेलो. सिग्नल मोजायचा मीटर लावून अँटेना उभी केली, बघता बघता काचेसारखं चित्र. "बाबा, तुम्ही बसा आरामात." ते बसले. चहा हातातच निवत गेला. मग म्हणाले, "छान दिसतंय." परक्याच्या घरी म्हणावं तसं.

मी बाहेर गेलो आणि खांब मुद्दाम भलतीकडे फिरवला. "बाबा, आलं का?"

आत खुर्ची सरकली. "अरे, गेलं! गेलं! उजवीकडे घे... अंहं, तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे!"

मी हवं त्यापेक्षा बराच जास्त वेळ फिरवत राहिलो. शेवटी चित्र येऊ दिलं आणि म्हटलं, "वा बाबा, तुमच्याशिवाय जमत नाही."

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा खुलला होता.

"जमेल तुलाही हळूहळू," ते म्हणाले. "अँटेना असता तर एवढा वेळ लागला नसता."