निवटीच्या जागी

माझा मेहुणा मांडीवर हात मारून हसतो. ते हसणं ऐकलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. माणूस वाईट नाही. बायकोचा धाकटा भाऊ, जहाजावर नोकरीला. अर्धं वर्ष समुद्रावर आणि मग लांबलचक सुट्टी. सुट्टीत खारघरच्या आपल्या फ्लॅटवरून तो नवीन पनवेलला आमच्याकडे यायचा. पिशव्या भरून वस्तू आणायचा आणि जाताना आमच्या घरात काय काय कमी आहे तेही सांगून जायचा. "दाजी, अजून तोच टीव्ही?" मी हसायचो. हसून तो राग कुठे जात होता, याचा मी कधी विचार केला नाही.

एका सुट्टीत त्याने हातात मावणारे दोन व्हिडिओ गेम आणले. एक स्वतःच्या मुलाला, एक माझ्या मुलीला. मुलगी तेव्हा पाचवीत होती आणि मामेभाऊ तिच्याहून थोडा मोठा. खेळ असा की जंगलात, गुहेत, पाण्यात विचित्र प्राणी भेटतात. ते पकडायचे, वाढवायचे आणि सहा जणांचा संघ करून दुसऱ्याच्या संघाशी लढवायचा. दोन यंत्रं वायरने जोडली की समोरासमोर सामना होतो. एक प्राणी पडला की पुढचा पाठवायचा. ज्याचे सहाही पडले तो हरला.

प्रत्येक प्राण्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं. खेळातल्या एका दलदलीत मुलीला बटबटीत डोळ्यांचा, चिखलातून सरपटणारा एक छोटा प्राणी सापडला. तिने त्याचं नाव ठेवलं निवटी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, खाडीच्या चिखलात राहणारे ते बोटभर मासे आम्ही पनवेलच्या मासळी बाजारात पहिल्यांदा पाहिले. टोपलीत जिवंत, टणाटण उड्या मारत होते. टोपलीवाली मावशी मुलीला म्हणाली, "हात लाव गो बाय, चावत नाय ती." हिने बोट लावलं आणि एक निवटी उडून हिच्या चपलेवर येऊन बसली. घरी न्यायचा हट्ट झाला, तोही पाळायला. तो हट्ट मी पुरवला नव्हता.

खेळातली निवटीही तशीच होती. बाकीचे प्राणी वाढता वाढता रूप पालटायचे, कुणाला शिंगं फुटायची, कुणाला पंख. ही होती तेवढीच राहायची. तरी मुलगी तिला संघात सगळ्यांच्या पुढे ठेवायची.

दिवाळीत आमच्या हॉलमध्ये पहिला सामना झाला. शेवटी मामेभावाचा एक मोठा पंखवाला उरला आणि हिची निवटी. निवटी त्याच्या डोळ्यांवर चिखल उडवत राहिली, त्याचे वार चुकत राहिले आणि शेवटी तो पडला. मुलीने यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. मामेभावाचे ओठ थरथरायला लागले. तेव्हा मेहुण्याने मांडीवर हात मारला.

"अरे, रडतोस काय? ती कच्चा लिंबू आहे. तिचं धरायचं नाही."

अंगणात खेळलेल्या कुठल्याही माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. लहान पोराला खेळात घेतात. ते आऊट झालं तरी आऊट नसतं, म्हणून ते खूश. पण त्याने कुणाला आऊट केलं तर तेही धरत नाहीत. पळतं, दमतं, घाम गाळतं आणि हिशेबात कुठेच नसतं.

"मामा, मी पाचवीत आहे," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर. आणि ती तुझी निवटी! तुक्का लागला गं. कालवण करायचं सोडून लढवतेस होय तिला?"

सगळे हसले. मीही हसलो. पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नये म्हणून हसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

मुलगी हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मग परत खेळू. पण तेव्हा मला धरायचं."

"धरू की. मे महिन्यात येतो तेव्हा खेळा."

तिला तेवढंच हवं होतं. बक्षीस नको, कौतुक नको. हरली तर हरली म्हणा आणि जिंकली तर जिंकली म्हणा. त्यासाठी तिने पुढचे महिने अभ्यास झाल्यावर तो संघ घासला. आणि मला काय हवं होतं? मला मेहुण्याचं हसणं बंद करायचं होतं. कामावर माल तपासताना त्याचा चेहरा दिसायचा. जेवताना "तुक्का" आठवायचा. माझ्या पोरीला हा माणूस माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत तसं म्हणाला आणि मी हसलो. तो राग रोज थोडा थोडा तापत राहिला.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे आलेला माल तपासायचं काम करायचो. सळई, अँगल, चॅनल. ट्रकबरोबर आलेला दाखला बघायचा, काट्यावर वजन बघायचं, मापाला कमी भरलं की लाल पट्टा मारायचा. पण लाल पट्टा मारून माल नुसता बाजूला ठेवला तर कुणीतरी घाईत तो पुन्हा चांगल्या ढिगात टाकतो, तसाच गिऱ्हाइकाकडे जातो आणि मग बोंब होते. म्हणून आमच्याकडे शिस्त होती. परत पाठवता न येणारा नापास माल त्याच दिवशी गॅसकटरने तुकडे करून भंगारात टाकायचा. पुन्हा कुणाच्या हाताला लागायला नको. ही शिस्त मीच लावली होती आणि तिचा मला अभिमान होता.

मे उजाडला तसं मी मुलीला म्हटलं, "बघू तुझा संघ."

तिला इतका आनंद झाला की ती माझ्या शेजारी नाही, जवळजवळ मांडीवरच येऊन बसली. एकेका प्राण्याची ओळख करून दिली. "निवटीला आधी पाठवायचं, बाबा. ती मारत नाही जास्त. ती समोरच्याला आंधळं करते. मग बाकीचे मारतात." मी हो हो करत होतो. माझं लक्ष प्राण्यांच्या नावापुढच्या आकड्यांवर होतं. ताकद, वेग, सहन करायची कुवत. पाच जण ठीक होते. निवटीचे आकडे बघून मला लाज वाटली. असला माल मी फाटकातून आत घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी मी गेम मागून घेतला. म्हटलं, जरा शिकतो, सामन्याआधी परत देतो. तिने वरून तो रुमालात गुंडाळून दिला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर या खेळातल्या प्राण्यांची माहिती मिळाली. कोण जोरदार, कोण कुचकामी, सगळं लोकांनी मांडून ठेवलेलं. निवटीची जात पार तळाला. वरच्यांमध्ये एक दगडी पाठीचा, गेंड्यासारखा प्राणी होता, कुठल्याशा गुहेच्या तळाशी सापडणारा. जेवणाच्या सुट्टीत मी त्या गुहेत शिरायला लागलो. डबा तसाच राहायचा. हमाल विचारायचे, "साहेब, काय टायपिंग चाललंय?" चाळिशीकडे झुकलेला माणूस दात-ओठ खात बटणं दाबत होता. शेवटी तो गेंडा पकडला, त्याला वाढवला, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी संघात घ्यायला गेलो तर जागा नव्हती. सहा म्हणजे सहाच.

खेळात जादा प्राणी ठेवायला कोठार असतं. निवटीला मी तिथे टाकली. गेंडा तिच्या जागी आला. इथे थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला माझी मुलगी माहीत होती. मी घरी गेल्या गेल्या ती निवटीला बाहेर काढणार, पुन्हा पहिल्या जागी ठेवणार, आणि उद्या मेहुणा पुन्हा मांडीवर हात मारणार. यार्डात गॅसकटर चालू होता. नापास अँगल कापत होते. मी कोठार उघडलं, निवटीवर आलो आणि 'सोडून द्या' हा पर्याय निवडला. यंत्राने विचारलं, नक्की? मी हो दाबलं. ती जागा रिकामी झाली. मला बरं वाटलं. हे खोटं लिहिता येणार नाही, एखादं काम चोख झाल्यासारखं मला बरं वाटलं.

संध्याकाळी तिने गेम हातात घेतला आणि क्षणात विचारलं, "बाबा, निवटी कुठंय?"

"बघ, तुझ्यासाठी काय पकडलंय. याच्यासमोर कुणी टिकत नाही."

"हो, पण निवटी? कोठारात पण नाही."

"तिला सोडली."

"कुठे?"

"अगं, कुठे म्हणजे? खेळात. जंगलात गेली असेल."

"परत येते का?"

"नाही."

तिने कोठार पुन्हा एकदा उघडून बघितलं. "सोडताना ते विचारतं, बाबा. असंच नाही सोडत. तुम्ही काय दाबलंत?"

मी म्हटलं, "उद्या जिंकल्यावर मला थँक यू म्हणशील."

ती उठून आईकडे स्वयंपाकघरात गेली. रडण्याचा आवाज आला नाही, पोळपाटावर लाटणं मात्र थांबलं.

रविवारी मेहुणा आला. चहा झाला, आंबे कापले. तो म्हणाला, "काय चिमणे, आज धरायचं ना तुला?" ती म्हणाली, "हो." वायर जोडली. मी तिच्या मागे उभा राहिलो. गेंड्याला तिने सगळ्यांच्या शेवटी ठेवलं होतं. ती छान खेळत होती. निवटी नसल्यामुळे पहिले दोन उगाच पडले, पण नंतर तिने चिवटपणे सावरलं. तिचे पाच संपले तेव्हा समोर मामेभावाचा एकच उरला होता, तोही अर्धमेला. आणि तिच्याकडे माझा गेंडा, ताजातवाना. एका धडकेचं काम. यंत्र विचारत होतं, कुणाला पाठवू? माझे हात वळवळत होते.

तिने यंत्र सतरंजीवर ठेवलं. "हरले."

"अगं, एक आहे की तुझ्याकडे अजून," मेहुणा वाकून म्हणाला. "आणि केवढा आहे बघ."

"तो कच्चा लिंबू आहे. त्याचं धरायचं नाही."

मेहुणा हसला नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी तो माझ्याकडे बघायला लागला. मामेभाऊ म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो ना?" ती म्हणाली, "हो. तू जिंकलास. आणि मला धरलं ना?" तो म्हणाला, "हो." तिने मान हलवली.

आणि मी ओरडलो. सगळ्यांसमोर. "अक्कल आहे का? हातात आलेला सामना टाकून देतेस? कुणासाठी केलं मी हे सगळं?" आणखीही बोललो. मूर्ख म्हणालो. ज्याच्यावर ओरडायचं होतं तो समोर आंब्याची कोय हातात धरून बसला होता. त्याला मी कधी एक शब्द बोललो नव्हतो. पाचवीतल्या पोरीवर ओरडणं सोपं होतं. तिने अंग चोरलं नाही, ती वायर गुंडाळत राहिली.

पाहुणे लवकर गेले. जाताना मेहुणा दारात चपला घालताना म्हणाला, "दाजी, पोरांचा खेळ आहे हो." त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

बायकोने बशा गोळा केल्या आणि म्हणाली, "माझ्या भावाशी तुमचं काय असेल ते त्याच्याशी भांडा. तिच्या हातून कशाला?"

"तो तिला कच्चा लिंबू म्हणाला. तुला राग नाही आला?"

"आला. पण तो नुसता म्हणाला." ती बशा घेऊन आत गेली.

दिवाळीत पोर खरोखर जिंकली होती. सगळ्यांनी तो तुक्का म्हटला, आणि तिच्या बाजूने पेटून उठलेल्या मलाही आतून तो तुक्काच वाटला होता. नाहीतर जिंकलेला संघ कोण बदलतो?

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघालो तेव्हा ती खिडकीत बसून खेळत होती. पडद्यावर खेळाचं अगदी पहिलं गाव दिसलं. मी विचारलं, "हे काय?"

"पहिल्यापासून सुरू केलंय."

त्या यंत्रात एकच खेळ साठवता येत असे. नवा सुरू केला की जुना सगळा पुसला जायचा. तिचे पाच, त्यांच्यावर घालवलेलं जवळजवळ वर्ष, आणि माझा गेंडाही. काय सांगू, त्या वेळीसुद्धा मला आधी रागच आला. माझ्या इतक्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या होत्या त्या गुहेत. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि चपला घालायला लागलो.

"दलदलीपर्यंत कधी पोचशील?" मी विचारलं.

"बघू."

"आता तिला काय नाव ठेवणार?"

तिने पाय वर घेतले आणि यंत्र गुडघ्यांच्या आड अशा कोनात धरलं की मला पडदा दिसेना.

"तुम्ही जा, बाबा," ती म्हणाली. "उशीर होतोय."