गारसाइड अँड सन

एडविन गारसाइड गेला तेव्हा पेपरात त्याच्यावर अर्धं पान आलं, फोटोसकट. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझ्या पोटात दुखलं. मेलेल्या माणसावर जळणं बरं दिसत नाही, मला कळतं. पण एकतीस वर्षं जळत आलेला माणूस एका सकाळीत थंड होत नाही. एडविन गारसाइड हे माझं नाव आहे. हॅलिफॅक्सच्या चॅपलमध्ये पाणी शिंपडून ते मला ठेवलेलं. त्याचं खरं नाव पर्सी हॉगबिन, आणि ते पेपरात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, म्हणजे कुणी वाचलं नसणार.

माझ्या वडिलांचं हॅलिफॅक्सला हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कोळशाच्या बादल्या. आजोबा एडविन, वडील एडविन, मीही एडविन. आमच्याकडे नावावर फार डोकं चालवत नसत. मी आठ दिवसांचा असताना वडिलांनी पाटी नव्यानं रंगवून घेतली : एडविन गारसाइड अँड सन. आई मी सहा वर्षांचा असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघं आणि ती पाटी.

एकविसाव्या वर्षी मी सांगितलं, की मी स्कारबरोच्या नाटक कंपनीत चाललो.

वडील बिजागऱ्या मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंडाला पावडर फासून उभा राहणार?"

"तुमच्या खिळ्यांपेक्षा बरं."

"मग जा. पण जाताना नाव इथंच ठेवून जा. ते दुकानाचं आहे."

मी दार असं आपटलं, की वरची घंटा खाली पडली. ती उचलायलाही थांबलो नाही. पत्र लिहिलं नाही, कारण आधी त्यांनी लिहावं असं मला वाटत होतं. ते कुठल्या पत्त्यावर लिहिणार होते, हा विचार मला बरीच वर्षं सुचला नाही.

वर्षभर दर आठवड्याला एक नवं नाटक अशी हमाली केल्यावर नटांच्या युनियनचा सभासद होता येतं. सभासद झालात तरच लंडनला काम. तर १९५४ साली मी युनियनच्या लंडनच्या कचेरीत खिडकीपाशी उभा राहिलो. आत मिस प्रॉक्टर नावाच्या बाई होत्या. त्यांनी कार्डांचा खण ओढला, चाळला आणि बंद केला.

"गारसाइड, एडविन. आहे आमच्याकडे. गेल्याच महिन्यात झाला."

"बाई, मी आत्ता आलोय."

"तुम्ही नाही हो. दुसरा. एका नावाचे दोन सभासद आम्ही ठेवत नाही. नाहीतर कामं चुकीच्या माणसाला जातात."

"पण हे माझं खरं नाव आहे. जन्माचा दाखला दाखवू?"

"दाखला काय करायचाय? पहिला आला त्याचं नाव." मग त्यांना माझी दया आली असावी. "मध्ये एक अक्षर घाला ना. एडविन जे. गारसाइड. छान दिसतं."

माझा तिळपापड झाला. स्वतःच्या नावात मी ठिगळ लावू? मी म्हणालो, मग ते अख्खंच राहू दे त्याच्याकडे. पेन उचललं आणि ज्या सेंट मार्टिन्स लेनमधून चालत आलो होतो तीच लिहून दिली. मार्टिन लेन. लोक गल्लीला माणसाचं नाव देतात, मी माणसाला गल्लीचं दिलं. त्या एका अक्षराची किंमत मला तेव्हा कळली असती तर मी मिस प्रॉक्टरांच्या पाया पडलो असतो.

त्या दिवसापासून मी त्याचा माग ठेवला. डर्बीच्या कंपनीत त्यानं दोन वर्षं काढली. मग टीव्हीवरची नाटकं, जी तेव्हा थेट दाखवत आणि चुकलं तरी दाखवत. १९५८ साली एका सिनेमात तो बुडत्या जहाजाचा अधिकारी झाला. मी तो सिनेमा तीनदा पाहिला, तो वाईट निघेल या आशेनं. तिन्ही वेळा तो चांगलाच बुडाला. पुढे खानसामे, लष्करी डॉक्टर, एक बिशप, आणि शेवटची नऊ वर्षं एका मालिकेतला इन्स्पेक्टर ब्रॅमहॉल. फार मोठा नट नव्हता. बसमध्ये ओळखतील, विमानात नाही, इतपत. पण समोरचा बोलत असताना तो ऐकायचा. आम्ही बाकीचे समोरचा बोलत असताना आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत असतो. हे मी प्रामाणिकपणे लिहितोय आणि लिहिताना मला त्रास होतोय.

माझं म्हणाल तर १९६२ साली टीव्हीवरचं पहिलं काम पोस्टमनचं. दारात उभं राहून तार द्यायची आणि "सही करा, साहेब," म्हणायचं. पुढची कामंही साधारण त्याच उंचीची.

बँकेत आणि दवाखान्यात मात्र मी अजून एडविन गारसाइडच होतो. नर्स दारात येऊन ते नाव पुकारायची, आणि खोकणारी सगळी माणसं खोकायची थांबून वर बघायची. मी उठलो की पुन्हा खोकायला लागायची. एकदा एक बाई शेजारणीला म्हणाली, "हा नाही गं तो." इतक्या वर्षांत माझ्यावर आलेली सगळ्यात अचूक समीक्षा तीच.

तो ज्यात असेल ते काम मी घ्यायचो नाही. त्यापायी दोन चांगली कामं सोडली.

१९७१ साली वडील गेले. मी ॲबरडीनला दौऱ्यावर होतो. नेली आत्याला माझा ठावठिकाणा लागून पत्र हाती यायला तीन आठवडे गेले. मी पोचलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि पाटीवर अजून 'अँड सन' होतं. वडील आळशी नव्हते. ते पुसलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं.

नेली आत्या दारातच म्हणाली, "फुलं मात्र दांडगी पाठवलीस. शवपेटीपेक्षा मोठी. स्वतः यायला काय झालं होतं रे?"

"कसली फुलं?"

"आता माझ्यापुढे नाटक नको. वर चिठ्ठी होती, एडविन गारसाइड म्हणून. सगळ्या चॅपलनं वाचली."

मला वाटलं, घराची अब्रू झाकायला चॅपलच्या बायकांनीच वर्गणी काढली असेल. न पाठवलेल्या फुलांचं कौतुक खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग १९८४. गुडघे कुरकुरत होते, आठ महिने काम नव्हतं, आणि आलं ते नेमकं इन्स्पेक्टर ब्रॅमहॉलच्या मालिकेत. साक्षीदार, हर्बर्ट टॅटरसॉल, कोंबड्या पाळणारा. एक प्रसंग. शूटिंग हॅलिफॅक्सच्या वरच्या एका खेड्यात. मी हो म्हणालो, कारण हट्टानं घरभाडं भागत नाही.

अशा शूटिंगला जेवायला एक जुनी दुमजली बस उभी असते, तिच्यात बाकं टाकलेली. मी वरच्या मजल्यावर जाऊन बेकनचा पाव खात बसलो होतो. तो चहाचा कप घेऊन आला आणि नेमका माझ्यासमोर बसला.

"लेन ना तू? कुठला रे?"

"लंडनचा," मी म्हणालो. हॅलिफॅक्स खिडकीतून दिसत होतं.

"मी नॉरफोकचा. डुकरांच्या व्यापाऱ्याचा पोरगा. पण माझं बारसं इथं खाली झालं. वय वर्षं चोवीस." तो हसला. "ऐकायचंय? तशी उन्हं यायला अजून अर्धा तास आहे."

मी पावाचा आणखी एक घास घेतला. तो ते होकार समजला.

"आठवडाभर इथं नाटक होतं. मॅनेजर म्हणाला, पर्सी हॉगबिन नावाच्या माणसाला बघायला कुणी तिकीट काढणार नाही, शनिवारपर्यंत दुसरं नाव आण. मी आपला रस्त्यानं पाट्या वाचत हिंडतोय. एका दुकानापाशी एक म्हातारबुवा शिडीवर, हातात काळ्या रंगाचा ब्रश. मला म्हणतात, 'पोरा, जरा शिडी धर.' धरली. पाटीवरचं 'अँड सन' पुसायचं होतं त्यांना. किती वेळ नुसते उभे, लेन. माझे हात भरून आले. मग रंगाचा एक थेंबही न लावता खाली उतरले आणि म्हणाले, 'चहा घेतोस?'"

माझ्या हातातला पाव हातातच राहिला.

"चहा पिताना विचारलं, काय करतोस. म्हटलं नट आहे, नाव शोधतोय, तुमच्या पाटीवरचं झकास आहे. म्हणाले, 'घेऊन जा. आमच्या पोरानं ते टाकून दिलंय.'"

"आणि तू घेतलंस," मी म्हणालो.

"फुकट होतं, मग सोडतोय कशाला? पण ऐक तर. त्यांनी टीव्ही घेतला. माझं काम लागलं की आठवड्यात पत्र. सतरा वर्षं. 'जहाजावर टोपी वाकडी होती.' 'बिशप असून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतोस?' माझ्या बापानं मला कधी एक ओळ लिहिली नाही. आणि शेवटी दर वेळी एकच प्रश्न. धंद्यात आपल्या नावाचा दुसरा कुणी भेटला का?"

"तू काय लिहायचास?"

"खरं तेच. या नावाचा मी एकटाच. दुसरा असूच शकत नाही, युनियनचा नियम आहे." त्यानं कप फिरवला. "मला वाटायचं, असेल कुणी पुतण्या-बितण्या. पोरगा नाटकात गेला हे त्यांनी सरळ कधी सांगितलंच नाही. म्हातारबुवा गेल्यावर ते शेजाऱ्यांकडून कळलं. फुलं पाठवली मी. आणखी काय करणार?"

खालून कुणीतरी आम्हाला हाक मारली. उन्हं आली होती.

तीस वर्षं मला वाटत होतं, की यानं माझं नाव नेलं. नाव तर फुटकळ निघालं. सतरा वर्षांची पत्रं, वाकड्या टोपीची बोलणी, ते सगळं माझं यानं खाल्लं होतं, आणि वर त्याला ते आवडलंही होतं. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मी जाऊन उभा राहिलो. कॅमेरा सुरू झाला. इन्स्पेक्टर ब्रॅमहॉलनं वही काढली, पेन्सिल टेकवली.

"नाव?"

"एडविन गारसाइड," मी म्हणालो.

सगळे खो-खो हसले. दिग्दर्शिका म्हणाली, "मार्टिन, राजा, ते यांचं नाव. तू टॅटरसॉल." लाइट धरणाराही हसत होता. त्याला वाटलं मी थट्टा केली.

इन्स्पेक्टर मात्र हसला नाही. तो ऐकत होता, नेहमीसारखा. माझ्या तोंडाकडे बघत होता, बहुधा त्यात म्हातारबुवा शोधत होता. मग वहीचं पान उलटून म्हणाला, "पुन्हा घेऊ." दुसऱ्या वेळी मी बरोबर बोललो.

गाडीत बसताना त्यानं काच खाली केली. "मी पत्रं पाठवतो."

"मला नकोत," मी म्हणालो.

पंधरा दिवसांत बुटांचं एक खोकं आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. मी ते वर्षभर पलंगाखाली ठेवलं आणि रोज त्याला शिव्या घातल्या. तो गेला, पेपरात अर्धं पान आलं, आणि त्याच आठवड्यात मी युनियनला फोन केला. मिस प्रॉक्टर केव्हाच निवृत्त झालेल्या, नवी मुलगी म्हणाली, "नाव मोकळं झालंय. फॉर्म पाठवते." फॉर्म आला. माझं नाव मला परत मिळणार होतं, एक सही करायची होती. त्या संध्याकाळी मी खोकं उघडलं.

पत्रं तारखेनं लावलेली होती. वडिलांचं अक्षर, बिलावर असायचं तसं. १९६२ सालच्या पत्रात बिशपवर बोलून झाल्यावर खाली लिहिलं होतं :

"मंगळवारच्या नाटकात दारात एक पोस्टमन आला. उभा राहण्याची पद्धत आमच्या पोरासारखी वाटली. शेवटी नावं येतात ती चष्मा लावून वाचली. पोस्टमन कुणी मार्टिन लेन होता. आपला नव्हता. तरी काम चांगलं केलं त्यानं. टोपी सरळ होती."

मी फॉर्म भरला नाही. तसाच खोक्यात टाकून दिला. वडिलांनी चष्मा लावून वाचलेलं माझं नाव ते एवढं एकच.