आधी जेवण, मग रक्त

कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ती कादंबरी मी मुखपृष्ठ न बघताच उचलली. दवाखान्यात बसून वाचायला काहीतरी जाडजूड हवं होतं, इतकंच. घरी येऊन बघितलं तर रक्त पिणाऱ्या सरदाराची जुनी इंग्रजी गोष्ट. सासूबाईंच्या अंगात रक्त तयार होणं थांबलं होतं, त्यांना वरचेवर चढवावं लागायचं, आणि मी आणलं ते हे पुस्तक. हसू यायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं आणि रडूही. ऑफिस, दवाखाना, घर, एवढंच चाललं होतं.

चिडचिड तेवढी शिल्लक होती, ती मी पुस्तकावर काढायचे. गोष्टीतली मुलगी कशानं वाळत चाललीय हे आपल्याला पहिल्या पानांत कळतं, तिच्या घरातल्या शहाण्यांना अर्धं पुस्तक लागतं. गळ्यावर दात उमटलेत, तरी म्हणे हवापालट करा. डॉक्टर तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं रक्त काढून सरळ तिच्या अंगात सोडतो. ना गट बघणं, ना तपासणी. इथे एका पिशवीसाठी आमचा अर्धा दिवस रक्तपेढीच्या खिडकीसमोर जायचा.

सासूबाई निवृत्त शिक्षिका, सगळा जन्म सुलतान बाजारात गेलेला. रक्त चढत असताना मी त्यांना गोष्ट मराठीत करून वाचून दाखवायचे. तो सरदार त्यांना आवडला होता. "बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही म्हणतेस? मग शरीफ आहे की गं," त्या म्हणाल्या.

रक्तपेढीचा नियम होता, एक पिशवी न्यायची तर बदल्यात कुणीतरी एक द्यायची. कुकटपल्लीच्या माझ्या ऑफिसातले सहकारी आळीपाळीनं यायचे. सासूबाईंचा नियम त्याहून कडक. देणारा आदल्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवून गेला पाहिजे. ज्याला आपण जेवू घातलं नाही त्याचं रक्त त्या घेणार नव्हत्या. तुम्हाला त्याचं रक्त मिळत नाही, दुसऱ्याच कुणाची पिशवी येते, हे मी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, नर्सनं सांगितलं. "असू दे की," म्हणायच्या आणि खुर्चीत बसून बगारे बैंगनसाठी वांगी चिरायला घ्यायच्या. उभं राहवत नव्हतं, तरी पाहुण्याला वाढायच्या मात्र स्वतः.

दोन पिशव्यांमधलं अंतर कमी होत गेलं. एका दुपारी, रक्त चढत असतानाच, ती मुलगी मरते ते प्रकरण आलं. मी थांबले.

"वाच की," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. आवाजही बदलला नाही माझा.

"होणाऱ्या नवऱ्यानं दिलं, मित्रानं दिलं, डॉक्टरनं आपलं स्वतःचं दिलं. तरी गेली?"

"गेली."

"तिला कुणी विचारलं होतं का, हवंय का म्हणून?"

मी मागची पानं चाळली. कुणीच विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

सासूबाईंनी वर टांगलेल्या पिशवीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ही शेवटची. बास झालं आता. रविवारी जेवायला जो येणार आहे, त्याला रक्त द्यायला जाऊ नको म्हण."

"आणि जेवायला?"

"जेवायला येऊ दे की. त्यानं काय वाकडं केलंय आपलं?"

संध्याकाळी नवरा त्यांच्या खोलीत बराच वेळ होता. बाहेर येऊन म्हणाला, "ठरलंय तिचं." मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी कुकर लावला.

रविवारी तो सहकारी आला. आधी कळवायला मी फोन केला होता, पण सांगायला शब्द सापडले नव्हते. सासूबाई शेजारी बसून त्याला वाढत होत्या. जेवता जेवता त्यानं मला विचारलं, "कल कित्ते बजे जाना है?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बोलणार नव्हत्या, ते मीच सांगायचं होतं.

"कल नहीं जाना," मी म्हणाले, आणि तेवढ्या तीन शब्दांत मला रडू फुटलं. कितीतरी महिन्यांचं होतं, थांबेना. तो हात पानातच ठेवून बसून राहिला.

सासूबाईंनी त्याच्या पानात आणखी एक वांगं वाढलं.