परीक्षा विभागातल्या बाई

दिल्लीत आर. के. पुरमच्या बसमध्ये त्या रोज माझ्या शेजारी बसत. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून होत्या आणि पन्नाशीत उच्च शिक्षण प्रशासनाचं एम.ए. करत होत्या. वाचताना त्यांचे ओठ हलायचे.

"प्रमोशनसाठी?" मी एकदा विचारलं.

"तेही आहेच. पण खिडकीवर मुलं रडकुंडीला येतात आणि मी 'नियम आहे' म्हणते. तो नियम बदलतात कसा, ते मला बिल्कुल ठाऊक नव्हतं."

त्या पास झाल्या. बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. त्यांनी पर्समधून टाइप केलेला कागद काढून दाखवला: मार्कशीटवर नाव चुकलं, तर दुरुस्तीसाठी मुलांना गावाहून दिल्लीला बोलावू नये.

"वीस वर्षं अर्ज घेतले," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा देतेय."