भागाबाईंनी लांबवलेली पाठवणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी अकोल्याच्या भागाबाईंचे नाव सांगतो. त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंजुळेच्या, सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणत असे. त्यांना हळू बोलता येत नसे. देवळात, मयतीला, आजाऱ्याच्या उशाशी, सगळीकडे आवाज एकच, वावराच्या या बांधावरून, धुऱ्यावरून, त्या धुऱ्यावर हाक मारावी तसा. कुणी कानाशी लागून काही विचारले तर त्या आधी प्रश्न मोठ्याने म्हणून दाखवत आणि मग उत्तर देत. त्यामुळे अकोल्यात त्यांना कुणी गुपित सांगत नसे.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालली होती आणि तिचा फायदा अमरावतीच्या बाजाराला होत होता. कापसाला असा भाव आला की लोकांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला, आणि ज्वारी महाग झाल्यावर आश्चर्य केले. वडील वारलेले. आई आणि मंजुळा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सरकी काढायची चरखी फिरवत. मी शाळेत जात असे. मंजुळेचे लग्न लहानपणीच झाले होते. न्हाण, म्हणजे पहिली पाळी, आले की वर्षाच्या आत सासरी पाठवायची, अशी रीत. तिचे न्हाण उशिरा आले. पुढच्या महिन्यात पाळी आली, आणि मग दोन महिने आलीच नाही.

ही गोष्ट आमच्या गल्लीत लपण्यासारखी नव्हती. पाळी आलेली मुलगी ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बाजूला बसे, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई ते पाहून ध्यानात ठेवी. समोरच्या काशीकाकूंनी आईला सहज विचारले, "मंजुळा बसली नाई वाटते या खेपेले?" माहेरी असलेल्या मुलीबद्दल असे विचारण्याचा अर्थ आईला कळत होता. तो प्रश्न अकोल्याला पोचता, तर पाठवणी कायमची राहिली असती.

म्हणून आई तिला दर महिन्याला ठरल्या तिथीला बसवू लागली, पाळी असो वा नसो. गल्लीचे समाधान झाले. पण खरी पाळी भलत्याच दिवशी आली. तेव्हाही बसवावे तर महिन्यात दोनदा दिसणार. मग मंजुळेने त्या दिवसांत चूल पेटवली, देवापुढे दिवा लावला, आणि आईने प्रायश्चित्त म्हणून उपास धरले. हे मला मंजुळेने पुढे सांगितले. आई फार देवभोळी झाली आहे, एवढेच मला तेव्हा वाटले होते.

भागाबाई पाठवणीचा दिवस ठरवायला आल्या तेव्हा मंजुळा पोत्यावरच होती. आई त्यांच्या कानाशी लागली.

"बाजूले बसली म्हनता? बरं हाय," भागाबाई म्हणाल्या.

मंजुळेने मान वर केली नाही. म्हणाली, "बसली नाई, आत्याबाई. मले बसवलं हाय."

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. असे का, ते भागाबाईंनी विचारले, आणि मंजुळेने सगळे सांगितले. काशीकाकू तोवर सूप घेऊन दारात आल्या होत्या. सुपात काही नव्हते.

"पाळीचं ठिकान नाई, एवढंच ना?" भागाबाई म्हणाल्या. "न्हाण आल्यावर मायं बी दोन वर्सं असंच व्हतं. सासूनं भगत आनला, त्यानं लिंबं कापली. लोनचं घातलं असतं तं कामी आलं असतं."

मग ठिकाणावर कसे आले, हे आईने विचारले. त्यांना ठाऊक नव्हते. होत होत आले, म्हणाल्या. नवीनवी पाळी एकदम रुळत नाही; कुणाची लवकर रुळते, कुणाची नाही. मग त्यांनी ओसरीत जाऊन मंजुळेचा हात धरला. त्या बसलेल्या मुलीला शिवल्या म्हणून आई त्यांच्यापासून मागे सरकली.

"हे मनगट हाय का तुरीची काडी? आंब्याले पानी नाई भेटलं तं मोहर मांगंपुढं होते. तवा कोनी आंब्याची बदनामी करते का, इहीनबाई?"

आईने पाठवणीचे विचारले. भागाबाई म्हणाल्या, "यंदा नाई." आमच्याकडे लांबलेली पाठवणी मोडलेलीच धरत. भागाबाई दारात गेल्या आणि म्हणाल्या, "पोरगी मायी हाय. अंगावर मांस आलं की नेईन. ज्याले दिवस मोजाचे असतीन त्यानं अकोल्याले येऊन मोजावं." मग आईकडे वळून, अंगावर फार गेले, पोटात फार दुखले किंवा महिनोन्‌महिने काहीच आले नाही तर लपवू नका, जाणत्या दाईला बोलवा, असे बजावले. तेही गल्लीने ऐकले.

त्यांच्या वावरात ज्वारीच होती, म्हणून शेजारी त्यांना हसत. तीच ज्वारी गाडीने आमच्याकडे येऊ लागली. मंजुळेची चरखी थांबली. आईने तिच्या जागी मला बसवायचे ठरवले होते, पण गाडीवानाने निरोप आणला की ज्वारी दोघांच्या पोटाची आहे, पोराला शाळेतून काढू नये. मी बी.ए. झालो तो त्या ज्वारीवर. वर्षाने मंजुळा सासरी गेली. तिची पाळी बरीचशी रुळली. अजून एखादा महिना चुकतो, म्हणते.

भागाबाई आता नाहीत. शिकून आल्यावर मी अमरावतीहून त्यांना पाठवलेले हे पत्र मंजुळेने जपले होते.

"तीर्थरूप मावशींस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आमच्या आळीत एका घरी सुनेची पाळी नियमित नाही म्हणून तिला मूल होणार नाही असे ठरवले आहे. सोमवारी तिला माहेरी टाकून येणार. दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे. मी जाऊन बोललो. त्यांनी मला पान दिले, बी.ए.ला किती वर्षे लागतात ते विचारले, आणि हे बायकांचे आहे म्हणाले. सून दाराआड उभी राहून ऐकत होती. आता रेल्वे झाली आहे. रविवारी आपण बडनेऱ्याच्या स्टेशनावर यावे, तिथून मी बैलगाडी जुंपून आणतो; त्यांच्या ओसरीवर आपण नेहमीच्या आवाजात बोलावे. तोवर ती सून इथेच आहे."