बैलाला बूट

नव्या टायरच्या रबराचा वास नाकात गेला की मला समुद्र ऐकू येतो. बाबांनी तरुणपणी आंब्याच्या पेट्या वाहायला घेतलेल्या पिकअपच्या मापाचे टायर मिळेनासे झाले, तेव्हा मी तिला हल्लीची रुंद अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर बसवून घेतले. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने ढोसलं आणि म्हणाले, "बैलाला बूट घातलेस रे. एकदा चालवून बघतो, नाही पटली तर ही चाकं भंगारात दे." त्या संध्याकाळी बागेतून परतताना स्टिअरिंगवर तेच बसले. भाटे गावाच्या वरच्या सड्यावरून, त्या कातळाच्या पठारावरून, घराकडचा उतार लागला, तसं त्यांनी सवयीने इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायला ते कायम असेच उतरायचे, आणि जांभ्या दगडाच्या त्या रस्त्यावर जुनी चाकं इतकी खडखडायची की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. आज काहीच वाजलं नाही. गाडी तांबड्या धुळीवरून नुसती वाहत गेली, खिडकीतून सुरूच्या बनातला वारा आला आणि त्याच्यामागून लाटांचा आवाज, सावकाश, अगदी कानाशी. बाबांनी ब्रेक लावला. किती तरी वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिले. मग देवळात बोलावं तसं हळूच म्हणाले, "जन्म गेला या रस्त्यावर. हा इथून ऐकू येतो होय?" बाबा आता नाहीत. पिकअप मी चालवतो आणि त्या उतारावर इंजिन बंद करतो. त्याने डिझेल किती वाचतं, ते कधी पाहिलं नाही.