गॅलरीतली सिगारेट

ज्या मामांनी मला शिकवलं आणि दुबईत नोकरीला लावलं, त्यांच्या अल मनखूलच्या घरी मी दर रविवारी जेवतो. बिल्डिंगमध्ये गॅलरीत सिगारेट ओढायला बंदी झाली, तेव्हा मामीने आनंदाने शिरा केला होता. पण मामा सिगारेटसाठी समोरच्या बारमध्ये जाऊ लागले. तिथे नुसतं बसता येत नाही, म्हणून आधी एक बिअर, मग रोज व्हिस्की. परवा डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं. मामी वॉचमनकडे गेली.

"भैया, साहब को गॅलरी में सिगरेट पीने दो ना."

"रूल है, भाभी."

आज मी मामांना थांबा म्हणालो.

"तू जेव. मामीला घरात धूर नको होता ना? खलास, धूर गेला."

ते चपला घालून लिफ्टकडे गेले. मामीने त्यांचं ताट झाकून ठेवलं.